पान उरले, पुस्तक गेले

ब्रिटिश लायब्ररीत 'किंग्ज 9' या क्रमांकाने ओळखले जाणारे एक प्रार्थनापुस्तक आहे. 1528 च्या सुमारास, आठव्या हेन्रीचा पहिला विवाह अजून मोडलेला नव्हता आणि अ‍ॅन बोलीन राणी झालेली नव्हती, त्या काळात या दोघांनी त्यात एकमेकांसाठी चार शब्द लिहिले. हेन्रीने जागा निवडली ती जखमांनी विद्ध झालेल्या ख्रिस्ताच्या चित्राखालची. आपल्याला प्रार्थनेत विसरू नकोस, आपण कायमचे तुझेच, अशा अर्थाचे आर्जव त्याने तिथे फ्रेंचमध्ये केले. अ‍ॅनने इंग्रजीत उत्तर दिले. आपण प्रेमळ आणि सालस राहू, याची प्रचिती रोज येईल, असे तिने कळवले. पण त्यासाठी तिने निवडलेले पान होते देवदूत गब्रिएल मारियेला पुत्रजन्माची वार्ता सांगतो त्या चित्राचे. पुरुष वारसासाठी आसुसलेल्या राजाला यातला इशारा कळायला वेळ लागला नसेल. एकाने स्वतःला प्रेमात घायाळ झालेला दाखवले, दुसरीने मुलाचे आश्वासन दिले, आणि दोघांनीही ते शब्दांपेक्षा जागेतून सांगितले. या दोन पानांमध्ये दीडशेहून अधिक पानांचे अंतर आहे. मधल्या काळात कुणा व्यापाऱ्याने यातली चित्रांची पाने कापून वेगवेगळी विकली असती, तर एका संग्रहालयात अ‍ॅनची दोन ओळींची गोड कविता राहिली असती, दुसरीकडे राजाची सही, आणि त्यांचे संभाषण कुणाच्या ध्यानातही आले नसते.

युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत, विद्यापीठांत आणि घराघरांतल्या चौकटींत मध्ययुगीन प्रार्थनापुस्तकांची हजारो सुटी पाने आज आहेत. निळ्या-तांबड्या वेली, सोन्याचा वर्ख, मधोमध लहानसे चित्र आणि त्याखाली काळ्या शाईतल्या चार-पाच लॅटिन ओळी, असे त्यांचे रूप असते. बघणारा त्यांना छोटे चित्र म्हणून बघतो आणि सुखावतो. त्या सुखाशी माझे भांडण नाही. पण सुटे पान हे छोटे चित्र आहे हा समजच मुळात चुकीचा आहे, आणि याच समजापोटी गेल्या दोनशे वर्षांत युरोपच्या सामान्य, बिगर-पुरोहित माणसांच्या धर्मजीवनाचा सर्वांत जवळचा पुरावा नष्ट झाला, असे माझे म्हणणे आहे. लढाया, आगी आणि धर्मसुधारणेची वादळे यांनी पुस्तके जाळली, फाडली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रेमाने केलेल्या नुकसानाची मात्र फारशी मोजदाद होत नाही.

ज्या पुस्तकांविषयी हे चालले आहे त्यांना इंग्रजीत 'बुक ऑफ अवर्स' म्हणतात. इथे मी त्यांना प्रहरपुस्तके म्हणेन. मठातले साधू-साध्वी दिवसरात्रीच्या आठ ठरलेल्या वेळी प्रार्थनेला उभे राहत. तेराव्या शतकात शहरांतल्या आणि गढ्यांमधल्या गृहस्थांना, त्याहूनही त्यांच्या घरच्या स्त्रियांना, त्या शिस्तीचा आपल्याला जमेल तेवढा अंश हवासा वाटू लागला. त्यातून मारियेच्या आठ प्रहरांच्या प्रार्थनांभोवती एक आटोपशीर पुस्तक तयार झाले. ऑक्सफर्डमध्ये विल्यम द ब्रेल्स या चित्रकाराने 1240 च्या सुमारास घडवलेली प्रत इंग्लंडमधली सर्वांत जुनी स्वतंत्र प्रत मानली जाते. पुढची तीनशे वर्षे फ्रान्स, फ्लँडर्स आणि नेदरलँड्समध्ये या पुस्तकाइतके दुसरे कोणतेही पुस्तक लोकांनी करवून घेतले नाही. आरंभी संतांच्या सणांचे पंचांग, मग शुभवर्तमानांतले उतारे, मारियेचे प्रहर, पश्चात्तापाची सात स्तोत्रे, संतांची नामावळी आणि शेवटी मृतांसाठीची प्रार्थना, असा त्याचा साधारण क्रम. चित्रेही ठरल्यासारखी असत. पहाटेपूर्वीच्या पहिल्या प्रहराला गब्रिएलचे आगमन, नंतरच्या प्रहरांना येशूचा जन्म, मेंढपाळांना मिळालेली वार्ता, तीन ज्ञानी पुरुषांचे वंदन, संध्याकाळी इजिप्तकडे पलायन आणि झोपण्यापूर्वी मारियेला स्वर्गात मुकुट. दिवस जसा पुढे सरके तशी मारियेची कथा पुढे सरके. वाचणाऱ्या बाईचा दिवस त्या कथेवर बेतलेला असे, आणि पान उलटणे हाच त्या उपासनेचा एक भाग होता.

पुस्तकाच्या घडणीकडेही बघायला हवे, कारण कापण्याचे परिणाम तिथेच कळतात. आपल्याकडच्या पोथीची पाने मुळातच सुटी असतात; दोन फळ्यांमध्ये ठेवून वस्त्रात बांधली की पोथी झाली, आणि एखादे पान वेगळे काढले तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. युरोपातल्या चर्मपत्राच्या पुस्तकाची जात वेगळी. वासराचे किंवा मेंढीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून, चौकटीवर ताणून, खरवडून पातळ करत. मग त्याचा एक तुकडा मधोमध दुमडला की दोन पाने होत. असे चार दुमडलेले तुकडे एकात एक घालून आठ पानांची घडी बने आणि घड्या कण्याशी शिवल्या की पुस्तक. त्यामुळे एक पान कापले की त्याचे जोडपान सैल होते, शिवण ढिली पडते आणि घडीतला क्रम बिघडतो. कातड्याची केसांकडची बाजू किंचित पिवळसर आणि मांसाकडची पांढरी असते. समोरासमोर येणारी दोन पाने एकाच बाजूची असावीत अशी बांधणाऱ्याची धडपड असे. सोन्याचा वर्ख चिकटवण्यापूर्वी खाली लेपाचा उंचवटा करत आणि वर्ख बसला की कुत्र्याच्या दाताने घासून त्याला झळाळी आणत. निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्दाचा, शाई मायफळाची. एवढ्या कष्टाने बनलेली ही वस्तू बरेचदा तळहातात मावेल एवढीच असे. फ्रान्सची राणी जान द एव्हरूसाठी जाँ प्युसेलने 1324 ते 1328 च्या दरम्यान रंगवलेले प्रहरपुस्तक जेमतेम नऊ सेंटिमीटर उंच आहे. ते भिंतीसाठी नव्हते, हातासाठी होते.

हाताचा पुरावा पुस्तकावर उरतो. चित्रकलेचा अभ्यासक ज्या मळाकडे नाक मुरडतो त्या मळातच मला या पुस्तकांचे मोल अधिक दिसते. इतिहासकार कॅथरिन रूडी यांनी पानांचा काळेपणा मोजण्यासाठी छपाईच्या धंद्यात वापरले जाणारे डेन्सिटोमीटर हे साधे उपकरण घेतले आणि पानाच्या ज्या कोपऱ्याला अंगठा लागतो तिथला मळ पानागणिक मोजला. 2010 मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. त्यातून कळले की लोक ही पुस्तके पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सारख्या भक्तीने वाचत नव्हते. एका पुस्तकात प्लेगपासून वाचवणाऱ्या संत सेबास्टियनच्या प्रार्थनेचे पान इतरांपेक्षा मळलेले निघाले. पापक्षालनाचे आश्वासन देणाऱ्या प्रार्थनांची पाने काही पुस्तकांत विशेष हाताळलेली होती, तर कुठे लांबलचक प्रार्थनेची पहिली पाने मळकी आणि पुढची स्वच्छ. पाचशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या व्यापाऱ्याला रात्री कशाची भीती वाटत होती, हे त्याने कुठे लिहून ठेवलेले नाही. त्याच्या अंगठ्याने मात्र ते नोंदवले आहे. ही नोंद तुलनेतूनच वाचता येते. एक पान काळे आहे म्हणजे काय, ते बाकीची पाने किती काळी आहेत हे माहीत असेल तरच सांगता येते. सुटे पान मळके असेल तर विक्रेता त्याची किंमत कमी लावतो. त्यापलीकडे त्या मळाला काही अर्थ उरत नाही.

पुस्तक कुणाचे आणि कुठले हे ठरवण्याच्या खुणाही अशाच पानापानांत विखुरलेल्या असतात. प्रत्येक धर्मप्रांताची मारियेच्या प्रहरांची पाठपद्धती थोडी निराळी असे. पॅरिसची वेगळी, रोमची वेगळी, रूआँची वेगळी. ती ओळखण्याची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे सकाळच्या 'प्राइम' आणि दुपारच्या 'नोन' या दोन प्रहरांतले विशिष्ट पाठ ताडून बघणे. प्राइमचे पान एका खंडात आणि नोनचे दुसऱ्या खंडात गेले की ही रीतच निकामी होते. पंचांगात 3 जानेवारीला संत जनव्हिएव्हचे नाव सोन्यात लिहिले असेल तर पुस्तक पॅरिसकरांसाठीचे, 23 ऑक्टोबरला संत रोमँचे नाव ठळक असेल तर रूआँचे. पण पंचांगाच्या पानांवर सहसा मोठी चित्रे नसतात, म्हणून पुस्तके फोडणाऱ्यांनी ती कवडीमोलाने विकली. मारियेला उद्देशून असलेल्या एका अतिशय लोकप्रिय लॅटिन प्रार्थनेत प्रार्थना करणाऱ्याचा 'तुझा सेवक' असा उल्लेख येतो; कित्येक प्रतींत तो स्त्रीलिंगी आहे, म्हणजे ते पुस्तक एका स्त्रीसाठी लिहिले गेले. वाचता येणाऱ्या, स्वतःच्या नावाचे पुस्तक बाळगणाऱ्या मध्ययुगीन स्त्रियांचा शोध घेताना हा पुरावा लाखमोलाचा आहे. तो एका पानावरच्या एका प्रत्ययात असतो. ते पान गेले की उरलेल्या दोनशे पानांची मालकीण कायमची निनावी होते.

यावर कुणी म्हणेल की ही पुस्तके पवित्र आणि अखंड कधीच नव्हती; मालकांनीच त्यांत भर घातली, खाडाखोड केली, पाने काढली. हे अगदी खरे आहे. फ्लँडर्समध्ये सुटी चित्रे स्वतंत्रपणे रंगवून पुस्तकांत घालण्याचा धंदाच होता. उट्रेख्टहून येणाऱ्या अशा सुट्या चित्रांनी ब्रुजमधल्या चित्रकारांचे पोट मारले जाऊ लागले, तेव्हा 1427 च्या सुमारास तिथल्या संघाने त्यांच्याविरुद्ध नियम केले. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड वापरत असलेले प्रहरपुस्तक आज लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस लायब्ररीत आहे. ते मुळात त्याच्यासाठी बनलेलेच नव्हते. त्याने ते आपलेसे केले आणि पंचांगात 2 ऑक्टोबरसमोर स्वतःच्या हाताने आपला 1452 मधला फॉदरिंगेचा जन्म नोंदवला. 1538 मध्ये आठव्या हेन्रीने संत थॉमस बेकेटचे नाव सगळ्या पुस्तकांतून पुसण्याचा हुकूम काढला. कुणी चाकूने नाव खरवडून काढले, कुणी त्यावर एक बारीकशी रेघ ओढली, खालचे अक्षर न् अक्षर वाचता यावे अशी. काही पुस्तकांत पंचांगातला बेकेट गेलेला आहे, पण आतल्या प्रार्थनेतला तसाच आहे. लंडनच्या टॉवरमध्ये मृत्यूची वाट बघणाऱ्या थॉमस मोरने आपल्या छापील प्रहरपुस्तकाच्या वरच्या-खालच्या समासांत एकापाठोपाठच्या पानांवर स्वतःची प्रार्थना लिहिली. 1535 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला आणि ते पुस्तक आज येल विद्यापीठात आहे. या सगळ्या बदलांत एक गोष्ट समान आहे. ते वापरणाऱ्याने पुस्तकाच्या आयुष्यात केलेले बदल आहेत, म्हणून प्रत्येक बदलाने पुरावा वाढला. बारीक रेघ ओढणारा माणूस राजाला किती भीत होता आणि संताला किती मानत होता, दोन्ही एकाच रेघेत दिसते. आतल्या पानावरचा बेकेट तसाच आहे हे मात्र पुस्तक एकसंध असेल तरच कळते. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याची कात्री पुस्तकाविषयी काहीच सांगत नाही. ती बाजाराविषयी सांगते.

तो बाजार उभा राहिला कसा? फ्रेंच राज्यक्रांतीने आणि नेपोलियनच्या स्वाऱ्यांनी मठ-चर्चांची भांडारे रिकामी केली आणि हस्तलिखितांचा पूर दलालांकडे लोटला. रोममध्ये सिस्टीन चॅपलचे ग्रंथ लुटले गेले. त्यांतून कापलेली चित्रे आबे चेलोत्ती या इटालियन पाद्री-व्यापाऱ्याने लंडनला आणली आणि 26 मे 1825 रोजी क्रिस्टीजमध्ये त्यांचा लिलाव झाला. फक्त कापलेल्या चित्रांचा असा हा पहिलाच मोठा लिलाव. त्याची सूची विल्यम यंग ऑटली या जाणकाराने लिहिली, आणि तिचा सूर असा की ही चित्रे म्हणजे इटालियन चित्रकलेच्या इतिहासातले हरवलेले दुवे आहेत. इथे दिशा ठरून गेली. पानाची किंमत त्यावरच्या चित्राने ठरू लागली, चित्राची किंमत मोठ्या चित्रकारांशी असलेल्या नात्याने, आणि मजकूर हा चित्राभोवतीचा भराव झाला. जॉन रस्किनसारख्या मध्ययुगावर जीव ओवाळून टाकणाऱ्या लेखकाने 1854 च्या जानेवारीत आपल्या रोजनिशीत नोंदवले की संध्याकाळी एक धर्मग्रंथ कापला आणि ते कष्टाचे काम निघाले. त्याने कितीतरी पाने शाळांना आणि मित्रांना वाटली, कामगारांच्या मुलांना उत्तम नमुने बघायला मिळावेत म्हणून. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनेही त्या शतकात कात्रणे जमवली ती नक्षीकामाच्या विद्यार्थ्यांना कित्ते म्हणून. यातल्या कुणाच्याही मनात विध्वंस नव्हता. म्हणूनच त्यांना कुणी थांबवले नाही.

चित्रांच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद फ्रान्समध्ये शाँतीई इथे उभा आहे. फ्रान्सचा खजिनदार एत्येन शेव्हालिए याच्यासाठी जाँ फूकेने 1452 ते 1460 च्या दरम्यान एक प्रहरपुस्तक रंगवले. अठराव्या शतकात ते फोडले गेले, चित्रे कापून लाकडी फळ्यांवर चिकटवली गेली. आज त्यातली 47 पाने माहीत आहेत. त्यांपैकी 40 ड्यूक द ओमालने 1891 मध्ये फ्रँकफर्टच्या ब्रेंटानो घराण्याकडून विकत घेतली, आणि ती शाँतीईच्या म्युझे काँदेत एका खास दालनात मांडलेली आहेत. बांधलेले पुस्तक काचेच्या पेटीत ठेवले तर एका वेळी दोनच पाने दिसतात. इथे फूकेची चाळीस चित्रे एका नजरेत येतात. डोळ्यांचा हा लाभ खरा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण किंमत काय पडली तीही बघू. पुस्तकाचा बहुतेक मजकूर गेला. फळीवर चिकटलेल्या पानाची मागची बाजू बंद झाली. आणि या मालिकेतली एक जोडी अशी आहे, की एका पानावर शेव्हालिए गुडघे टेकून हात जोडून आहे, त्याच्या पाठीशी संत स्टीफन, आणि समोरच्या पानावर बाळासह मारिया. उघडल्या पुस्तकात तो तिच्याकडे बघत असे. पुस्तक मिटले की त्याचे पान तिच्या पानाला टेकत असे. दिवसातून कितीतरी वेळा, पुस्तक उघडताना आणि मिटताना, हा खजिनदार आपल्या आराध्यापाशी जाऊन येत होता. भिंतीवर शेजारीशेजारी टांगलेल्या दोन चौकटींत हे घडत नाही. फूकेने जे रचले होते त्यातली हालचाल नाहीशी झाली आणि रंग उरले.

विसाव्या शतकातला युक्तिवाद लोकशाहीचा होता आणि तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. क्लीव्हलंडचे कलाशिक्षक ऑटो एगी यांनी आयुष्यभर हस्तलिखिते विकत घेऊन फोडली, आणि 1938 मध्ये एका लेखात स्वतःला उघडपणे पुस्तकभंजक म्हणवून घेऊन त्याचे समर्थनही केले. अखंड हस्तलिखित एखाद्या धनिकाच्या तिजोरीत पडते; तेच पानापानांनी वाटले तर लहान गावातल्या महाविद्यालयाला, शिक्षकाला, कारागिराला मध्ययुगाचा एक खरा तुकडा हाताळता येतो, असे त्यांचे म्हणणे. 'मध्ययुगीन हस्तलिखितांतली पन्नास अस्सल पाने' या नावाच्या त्यांच्या चाळीस पेट्या त्यांच्या 1951 मधल्या मृत्यूनंतरही विकल्या गेल्या. प्रत्येक पेटीत पन्नास वेगवेगळ्या हस्तलिखितांतले एकेक पान. अमेरिकेतल्या कित्येक विद्यार्थ्यांनी मध्ययुगीन अक्षर पहिल्यांदा पाहिले ते या पेट्यांमुळे, हे मान्य. पण हिशेब मांडून बघा. पन्नास हस्तलिखिते आणि चाळीस संस्था. त्यांतली काही एगींच्या हाती आली तेव्हाच अर्धवट होती, तरीही आहेत तशी वाटली असती तर प्रत्येक संस्थेला एक पुस्तक मिळाले असते आणि दहा उरली असती. विद्यार्थ्याने एक प्रहरपुस्तक उघडले असते, पंचांगात कुणाच्या बाळाचा जन्म नोंदवलेला पाहिला असता, प्लेगच्या प्रार्थनेवरचा मळ पाहिला असता. त्याऐवजी त्याला पन्नास अक्षरवळणांचा नमुनासंच मिळाला, आणि सोबतच्या चिठ्ठ्यांवरचे काळ आणि ठिकाण कित्येकदा अभ्यासकांना नंतर दुरुस्त करावे लागले. वाटप हा हेतू उदात्त होता. पण पुस्तक अखंड ठेवूनही तो साधता आला असता, आणि अधिक चांगला.

आता संगणकाने ही जखम भरून निघेल, असे बरेच जण म्हणतात. विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या संग्रहातला बोव्हेचा मिस्साग्रंथ 1942 मध्ये न्यूयॉर्कचा व्यापारी फिलिप डुश्नेस याने फोडला आणि त्याची पाने एगींनाही गेली. तो गृहस्थांचा नव्हे, चर्चचा ग्रंथ. पण त्याची कथा इथे लागू पडते. लिसा फॅगन डेव्हिस या अभ्यासिकेने त्याच्या 309 पानांपैकी शंभराहून अधिक पाने जगभरातून हुडकून पडद्यावर एकत्र मांडली. स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबूर्गचा 'फ्रागमेंटारियम' हा प्रकल्प अशीच विखुरलेली पाने जोडण्यासाठी आहे. हे काम थक्क करणारे आहे आणि माझ्या मते या क्षेत्रातले आजचे सर्वांत मोलाचे काम हेच आहे. तरी त्याची मर्यादाही त्यातच दिसते. रॉबेर द हांजे नावाच्या धर्माधिकाऱ्याने तो ग्रंथ बोव्हेच्या कॅथीड्रलला दिला, ही गोष्ट कळते ती मुख्यतः 1926 च्या लिलावाच्या सूचीत कुणीतरी ती नोंद उतरवून घेतली होती म्हणून. ज्या हजारो साध्या प्रहरपुस्तकांची कधी सूचीच झाली नाही, त्यांच्या बाबतीत जोडायचे काय हेही ठरवता येत नाही. पडद्यावर अक्षर दिसते, सोने दिसते. कातड्याची केसांची बाजू, शिवणीची भोके, घडीतले जोडपान, कडेचा मळ यांचे मोजमाप छायाचित्रात येत नाही किंवा अपुरे येते. अखंड राहिलेल्या भागांचे काय करता येते ते उट्रेख्टमध्ये 1440 च्या सुमारास बनलेल्या कॅथरिन ऑफ क्लीव्हजच्या प्रहरपुस्तकाने दाखवले. एकोणिसाव्या शतकात एका पॅरिसच्या व्यापाऱ्याने ते उसवून, पाने सरमिसळ करून, त्याची दोन पुस्तके भासावीत अशी केली होती. न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीला एक भाग 1963 मध्ये आणि दुसरा 1970 मध्ये मिळाला, आणि मजकुराच्या क्रमावरून मूळ रचना पुन्हा लावता आली. ते जमले कारण पाने दोनच ठिकाणी होती. दोनशे ठिकाणी असती तर जमले नसते.

सर्वांत सोयीचा आक्षेप शेवटी उरतो. पान तर केव्हाच कापले गेले आहे. ते आज विकत घेणाऱ्याने कुणाचे काय बिघडवले? विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मी दोषी धरणार नाही, आणि कित्येक ग्रंथालयांनी पाने घेतली म्हणूनच ती वाचली. पण बाजारात एक साधे गणित चालते. एखाद्या मध्यम दर्जाच्या प्रहरपुस्तकाला अखंड जी किंमत मिळते, तिच्यापेक्षा त्याच्या चित्रांच्या आणि अक्षरांच्या पानांची बेरीज जास्त भरली, की ते पुस्तक फुटण्याची शक्यता निर्माण होते. सुट्या पानांना जितके अधिक गिऱ्हाईक, तितकी ही बेरीज वाढते. दुर्मीळ, राजेशाही पुस्तकांना भीती नाही. त्यांची अखंड किंमतच अफाट असते. धोका असतो तो एखाद्या रूआँच्या वाण्याच्या बायकोच्या, चार-सहा मध्यम चित्रांच्या, कडा काळवंडलेल्या पुस्तकाला, म्हणजे ज्यातून आपल्याला सर्वांत जास्त कळण्यासारखे आहे त्यालाच. ज्यांच्याकडे पाने आहेत त्यांनी दोन्ही बाजूंची छायाचित्रे, अचूक मापे, ओळींची संख्या आणि पान कुणाकडून आले याची नोंद खुली केली पाहिजे. पानाची मागची बाजू चौकटीत दडवून ठेवता कामा नये. एगींच्या घराण्याकडे उरलेला साठा 2015 मध्ये येलच्या बायनेकी ग्रंथालयाने घेतला, तेव्हापासून त्यांनी फोडलेल्या पुस्तकांचा माग काढणे पुष्कळ सोपे झाले आहे. आणि विक्रेत्यांनी अलीकडे अखंड पुस्तक फोडून आलेले पान घ्यायलाच नकार दिला पाहिजे. पान कधी कापले गेले हे नव्या कडेवरून, ताज्या चिऱ्यावरून आणि मागच्या लिलावांच्या सूचींवरून पुष्कळदा ओळखता येते. ते विचारणारा ग्राहक असेल, तर विक्रेत्यालाही उत्तर तयार ठेवावे लागते.